पालकांना बोलावून आणा

शेगाव,
९ जून २०२४

चि. योगिनी हिस अनेक आशीर्वाद.

काल आमच्या केंद्राचा चौथा संगणक अभियंता नोकरी सोडून गेला, म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि तुझ्या मागे दुसऱ्याच कुणाची तरी बैठक चाललेली ऐकू येते. कागदाला तुला उत्तर द्यावं लागेल.

केंद्राबद्दल तुला अर्धवट माहिती आहे. पूर्ण सांगते. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर वरवट बकालला बसस्टँडजवळ दोन खोल्यांत केंद्र काढलं. तिथून सहा हजार चारशे शेतकऱ्यांच्या फोनवर हवामानाचा आणि किडीचा निरोप जातो, माणसाच्या आवाजात, वऱ्हाडीत. शाळेच्या गच्चीवर आमचं स्वतःचं हवामान यंत्र आहे. मुंबईची एक संस्था खर्च देते, पण तिची अट आहे की केंद्रात पूर्णवेळ तंत्रज्ञ पाहिजे. तंत्रज्ञ नाही तर खर्च नाही, खर्च नाही तर केंद्र नाही.

दोन वर्षांत चार जण गेले. प्रत्येकाने जाताना पगाराचं कारण लिहिलं. शेवटचा शेखर. हुशार मुलगा, पण उशिरा येणारा. त्याला नाशिकला जास्त पगार मिळाला म्हणे.

मला एकच प्रश्न विचारायचा आहे. तू त्याच व्यवसायात आहेस. सध्याच्या मुलांना टिकवायला किती पगार द्यावा लागतो? आकडा कळव. माझे गुडघे आता महिन्यातून एकदाच शेगावच्या घराबाहेर पडू देतात. पण डोकं चालतं. आकडा कळला की मी संस्थेशी भांडेन.

तुझी आत्या,
सत्यभामा


पुणे,
१७ जून २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

तुम्ही आकडा मागितला. मला वर्षाला चोवीस लाख मिळतात. आता या आकड्यात काय काय येतं ते सांगते.

दर सोमवारी नऊच्या बैठकीआधी मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये जाऊन उलटी करते. चौथ्या मजल्यावर आमची माणसं असतात, म्हणून तिसऱ्या. तोंड धुते आणि वर जाते. रात्री साडेअकराला निरोप आला आणि मी झोपले असले, तर सकाळी साहेब विचारतात, "तब्येत बरी आहे ना?" एप्रिलमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. खरीच झाली. साहेबांनी ती मोठ्या पडद्यावर लावली आणि साठ माणसांसमोर म्हणाले, "योगिनी मॅडमच्या गावाकडे असंच चालत असेल." सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्याचीच मला अजून लाज वाटते.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. बाबा गेल्यापासून ती सगळ्यांना माझा पगारच सांगत असते.

आत्या, मी आले तर? तुमच्याकडे जो पगार असेल तो द्या. माझ्या अटी तीन आहेत, आणि त्या माझ्यासाठीच नाहीत, तिथे जो कुणी काम करतो त्या प्रत्येकासाठी आहेत.

कामाची वेळ संपली की संपली. चूक चारचौघांत काढायची नाही, खोलीत बोलावून सांगायची. आणि केंद्राचं काम सोडून दुसरं कुणाचं खाजगी काम कर्मचाऱ्याला सांगायचं नाही.

तुम्ही लिहून दिलंत तर मी येते.

तुमची,
योगिनी


शेगाव,
२४ जून २०२४

चि. योगिनी हिस आशीर्वाद.

तिन्ही अटी मान्य. हे पत्र जपून ठेव.

खरं सांगायचं तर यात मागण्यासारखं काय आहे तेच मला कळलं नाही. आपलं केंद्र घरच्यासारखं आहे. इथे कुणी कुणाला हसत नाही. पगार महिना पंचेचाळीस हजार, त्यावर एक रुपया नाही.

उलटीचं वाचून मला राग आला. तुझ्या त्या साहेबाच्या वडिलांना बोलावून घ्यायला हवं होतं. तुझ्या बाबांना मी लहानपणी जे शिकवलं तेच तुला सांगते: जिथे मान नाही तिथे जेवायला बसू नये. ये.

तुझी आत्या,
सत्यभामा


वरवट बकाल,
१९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

दर शनिवारी तुमच्याकडे येणाऱ्या पिशवीत हजेरी पुस्तकाबरोबर हे पत्र टाकते आहे. मोतीरामकाका म्हणतात, "ताई, बाईले पत्र लिहून राह्यली का? लिवा. म्या तं तीस वर्सं शिपाईगिरी केली त्याईच्या शाळेत, मले तं हाव बाई अन् जी बाई इतकंच येते."

तीन महिने झाले. एकाही सोमवारी उलटी झाली नाही. सहाला दार ओढून घेते आणि अंधार पडेपर्यंत पायी फिरते. इथल्या विहिरींचं पाणी खारट, पण झोप गोड लागते. हे वाक्य मोतीरामकाकांचं आहे, माझं नाही.

मनालीबद्दल लिहायचं आहे. तुम्ही तिला फोनवर बोलायला म्हणून सात हजारांवर ठेवलंत. आत्या, ही मुलगी तंत्रज्ञ आहे, फक्त कुणी तिला तसं म्हटलेलं नाही. शेतकरी जे प्रश्न विचारतात ते ती त्यांच्याच शब्दांत एका वहीत उतरवते: "कपाशीची पानं कोकडून राह्यली", "आंबिया बहाराची संत्री गळून राह्यली". त्या वहीवरून मी केंद्राच्या संगणकाला प्रश्न ओळखायला शिकवते आहे. आता ती स्वतः शिकवते. मला जे करायला पुण्यात वर्ष लागलं ते तिला तीन महिन्यांत आलं. आणि निरोप तिच्याच आवाजात जातो: "राम राम. मी मनाली बोलून राह्यली, वरवट बकालवरून." टुनकीचा एक म्हातारा निरोप ऐकून झाल्यावर रोज फोन करून सांगतो, "ऐकलं बरं माय."

मी उद्या गेले तरी हे केंद्र मनाली चालवेल. ती कुठेही जाणार नाही. तिला फक्त इथे काम करायचं आहे. अशा माणसाला शोधायला आमच्या कंपन्या लाखो रुपये खर्च करतात.

आता दोन तक्रारी. तुम्ही महिन्यातून एकदा रिक्षाने येता तेव्हा आम्ही सगळे उभे राहतो आणि तुम्ही "बसा" म्हणेपर्यंत उभेच असतो. फोन वाजत राहतो. दुसरं, केंद्राचे अध्यक्ष पंजाबराव काकांनी मला घरचा बिघडलेला टीव्ही दुरुस्त करायला बोलावलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "काऊन बे पोरी, आपलं घरच तं हाये!"

आणि एक. मी शेखरला फोन केला होता, जुन्या कामाचं विचारायला. त्याला नाशिकला इथल्यापेक्षा फक्त दोन हजार जास्त मिळतात. मी म्हटलं, मग का गेलास? तो म्हणाला, "मी तीनदा उशिरा आलो म्हणून मॅडमनी माझ्या सासऱ्याला बोलावून घेतलं होतं."

तुमची,
योगिनी


शेगाव,
२६ ऑक्टोबर २०२४

चि. योगिनी हिस आशीर्वाद.

उभं राहणं बंद करा, मी सांगितलं म्हणून सांग. हजेरीत उशिरा येणाऱ्याच्या नावासमोर मी लाल शाई मारते, ती मात्र राहील. पंजाबरावांना मी बोलते. त्यांनी केंद्राला जागा दिली आहे, एवढं लक्षात ठेव.

शेखरच्या सासऱ्याला मी बोलावलं, हे खरं आहे. त्यानंतर तो वेळेवर येऊ लागला, हे त्याने तुला सांगितलं नाही. मी १९७९ साली अकोल्याहून शेतकीची पदवी घेतली तेव्हा आमच्या वर्गात दोन मुली होत्या. दुसरी मधेच संसाराला लागली, कारण तिच्या वडिलांना बोलावून समजावणारं कुणी नव्हतं. मी बत्तीस वर्षं पालकांना बोलावलं. तुझ्या मनालीचंच घे. तिचा बाप कडूबा माझा विद्यार्थी. ती बारावीत असताना त्याने तिची सोयरीक पक्की केली होती. मी त्याला शाळेत बोलावून घेतलं. खुर्ची दिली तरी बसला नाही, टोपी हातात धरून अर्धा तास उभा. मी म्हटलं, पोरगी शिकेल. तो म्हणाला, "तुमी म्हनता तं शिकन." सोयरीक मोडली. ती पदवीधर झाली. म्हणून आज ती तुझ्या शेजारच्या खुर्चीवर आहे.

ज्या हत्याराने काम होतं ते मी टाकत नाही.

तिचं कौतुक तिच्या तोंडावर फार करू नकोस.

तुझी आत्या,
सत्यभामा


शेगाव,
७ मार्च २०२५

चि. योगिनी हिस आशीर्वाद.

तुझ्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं. तिला सांग, पंधरा दिवस वाकू नको.

तू पुण्यात असल्यामुळे इथली गोष्ट माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहिते. रविवारी दोन तारखेला संध्याकाळी गारपीट झाली. यंत्राने दुपारी पावणेदोनला इशारा तयार केला होता. मागे एकदा यंत्राने खोटी गारपीट सांगितली आणि लोकांनी ओला हरभरा उपटला, तेव्हापासून आपला नियम आहे की माणसाने ऐकून होकार दिल्याशिवाय निरोप जात नाही. होकार मनालीने द्यायचा होता, तिची पाळी होती. तिने तो सव्वाचारला दिला. तोवर गारा सुरू झाल्या होत्या. अडीच तास मिळाले असते तर लोकांनी हरभऱ्याच्या गंज्या झाकल्या असत्या. सगळा माल चिखलात गेला. त्या टुनकीच्या म्हाताऱ्याचासुद्धा.

बुधवारी लोक केंद्रावर आले, दोनशे तरी असतील. ओरडत होते. अशा वेळी कुणीतरी जबाबदारी घेतलेली दिसावी लागते, नाहीतर विश्वास कायमचा जातो. मी मनालीला पुढे उभं केलं आणि चूक कबूल करायला सांगितलं. तिने केली. एक शब्दही उलट बोलली नाही. त्याआधी कडूबाला बोलावून घेतलं होतं, तोही तिथेच होता. लोक शांत होऊन गेले.

प्रकरण मिटलं आहे. तू आल्यावर तिला पुन्हा काही बोलू नकोस. शिक्षा एकदाच करायची असते.

तुझी आत्या,
सत्यभामा


वरवट बकाल,
१५ मार्च २०२५

ती. आत्यास,

मी काल आले. मनाली नव्हती. तिच्या खुर्चीवर हजेरी पुस्तक ठेवलेलं होतं आणि सहा तारखेपासून पुढे तिच्या नावासमोर लाल शाईने गैरहजर लिहिलेलं होतं.

मोतीरामकाकांना विचारलं. ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "ताई, म्या लय सजा पाह्यल्या शाळेत. छडी खाल्लेले पोट्टे पाह्यले. असं नाई पाह्यलं. लोकायनं तिचा आवाज वळखला ना. तिनं तोंड उघडलं, म्हने मी मनाली बोलून राह्यली, अन् समदे चूप. येक जन म्हने, अरे हे तं तेच पोरगी हाये, आपली. दोन वर्सं आवाज ऐकला, अन् थोबाड पाह्यलं तं असं."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. विमलबाईंनी, तिच्या आईने, मला बसायला दिलं. मनाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, सोमवारी ये. विमलबाई म्हणाल्या, "आता कुठी येते ताई. जालन्याकडचे पाव्हने येऊन गेले. अक्षयतृतीयेचं ठरलं. तिचे बाबा म्हनते, बाईनं सोता बोलावून सांगलं का पोरीनं चुकी केली, मंग आता ठेवाचं तरी कोन्या तोंडानं."

तुम्ही त्यांना रागवायला बोलावलंत. त्यांनी ते शाळेसारखंच ऐकलं: मुलीचं नाव काढून घ्या.

आता रविवारची गोष्ट. मी मनालीला विचारलं, पावणेदोनला कुठे होतीस? ती चुलीकडे वळली. मग मी केंद्रावर येऊन पाळीची वही उघडली. मनाली आलेला प्रत्येक कागद वहीत चिकटवते हे तुम्हाला माहीत नसेल. एक मार्चच्या पानावर एक चिठ्ठी आहे. उतरवून देते.

"रविवार दि. २ मार्च रोजी अध्यक्षांकडे नातवाचे मंगलकार्य आहे. सर्व कर्मचाऱ्यांनी अकरा वाजता हजर राहावे. पंगतीत वाढण्याचे काम आपले. ही घरचीच गोष्ट आहे. कोणतीही सबब चालणार नाही."

पंजाबराव काकांकडे वाढणाऱ्या मुलींचे फोन एका पिशवीत गोळा करून ठेवले होते, वाढताना हातात नको म्हणून. चार पंगती झाल्या. मनालीला तिचा फोन चार वाजून दहा मिनिटांनी मिळाला. ती मांडवातून अनवाणी पळत केंद्रावर आली. मोतीरामकाकांनी बघितलं.

शनिवारी तिने त्यांना विचारलं होतं, "काका, माही उद्या पाळी हाये, बाईले सांगू का?" ते म्हणाले होते, "सांगून पाह्य. बाईची चिठ्ठी हाये, देवाची नाई. पन जवळजवळ तेच."

बुधवारी दोनशे माणसांसमोर ती एवढंच म्हणू शकली असती की मला वाढायला पाठवलं होतं. आज सकाळी पुन्हा जाऊन मी तिला विचारलं, का नाही बोललीस? तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं तिने. म्हणाली, "बाईचं नाव कसं घ्याचं ताई, तितल्या लोकाईत."

आत्या, तुम्हाला ती चिठ्ठी आठवत होती का?

योगिनी


शेगाव,
२२ मार्च २०२५

चि. योगिनी,

तुझं पत्र वाचलं. सूर बरा नाही.

मी आठवड्याला दहा चिठ्ठ्या लिहिते. सगळ्या आठवत नाहीत. लिहिली असेल. पण पाळी आहे हे सांगणं तिचं काम होतं. मी कुणाचं तोंड धरलेलं नाही. शाळेतसुद्धा जो मुलगा कारण सांगेल त्याचं मी ऐकून घेत असे.

पंजाबरावांच्या घरी कार्य असताना केंद्राची माणसं नसती तर गावात काय बोललं गेलं असतं, हे पुण्यात राहून कळणार नाही. जागेचं भाडं ते घेत नाहीत.

लग्नाचं मला माहीत नव्हतं. कडूबाने विचारायला हवं होतं.

मी संस्थेशी बोलले आहे. मनालीला चौदा हजार करायला त्यांची मान्यता आहे. तुला साठ. एवढी वाढ मी आजवर कुणाला दिलेली नाही. तिला निरोप दे आणि तू स्वतः शांत डोक्याने कामाला लाग. हंगाम तोंडावर आहे.

सत्यभामा


वरवट बकाल,
२९ मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

हा माझा राजीनामा समजावा. सोमवारी ३१ तारखेला मी केंद्र सोडते आहे.

चौदा हजारांचा निरोप मी मनालीला दिला. तिने ऐकून घेतला आणि विचारलं, "ताई, कपाशीवर बोंडअळी येईन का यंदा?" एवढंच.

तुम्ही मला जूनमध्ये विचारलं होतं, माणूस टिकवायला किती पगार लागतो. मी तुम्हाला चुकीचं उत्तर दिलं. मी असं भासवलं की पगार एका पारड्यात आणि मान दुसऱ्या पारड्यात, आणि पुण्यात एक जड आहे, इथे दुसरं. इथे आठ महिने राहून कळलं की तसं नाही. पुण्यात माझी चूक साठ माणसांसमोर पडद्यावर लागली. इथे मनालीची नसलेली चूक दोनशे माणसांसमोर लागली. फरक इतकाच, की माझ्या साहेबाने माझ्या घरच्यांना बोलावलं नव्हतं. मी संध्याकाळी माझ्या खोलीवर जाऊन रडू शकले. मनालीला घरी जायचं होतं ते बापाच्याच मागून.

मला पुन्हा पुण्यातच नोकरी मिळाली आहे. पहिल्यापेक्षा जास्त पगाराची. सोमवारची बैठक तिथेही नऊलाच असते. मी चौकशी केली. पण तिथे निदान कुणी मला "आपलं घरच आहे" म्हणणार नाही. घर म्हटलं की नाही म्हणता येत नाही, आत्या. तुमच्याकडून मी शिकले ते हेच.

तुम्ही वाईट आहात असं मला वाटत नाही. तसं वाटलं असतं तर जाणं सोपं होतं. बारावीत तुम्ही कडूबांना बोलावलं नसतं तर मनाली शिकलीच नसती, हे मी विसरलेले नाही. ती पण विसरलेली नाही. म्हणूनच ती गप्प उभी राहिली.

केंद्राच्या सगळ्या वस्तू मी नीट लावून ठेवते. मोतीरामकाका तुमच्याकडे पोचवतील. पोचल्याचं कळवावं.

तुमची,
योगिनी


शेगाव,
१२ एप्रिल २०२५

चि. योगिनी हिस आशीर्वाद.

वस्तू पोचल्या. नोंद खाली देते. त्याआधी जे झालं ते लिहिते, कारण अर्धवट हिशोब मला आवडत नाही.

सोमवारी सात तारखेला मी रिक्षा करून वरवट बकालला गेले. कडूबाच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मला पाहून तो उठला आणि टोपी काढली. मी म्हटलं, "बस." तो म्हणाला, "तुमी उभ्या हा, म्या कसा बसू?" विमलबाईने खाट टाकली. मी बसले. तो तरी उभाच.

मी सांगितलं, पंचवीस हजार देते. ती रक्कम कुठून आणणार हे मला माहीत नव्हतं, पण सांगितलं. त्याने मान हलवली. म्हणाला, "पगाराचं नका बोलू बाई. तुमी सांगलं असतं तं पोरगी फुकट आली असती. येतच होती ना सात हजारात. रोज आंघोळ करून असी निंगे जसी देवळात चालली."

मी म्हटलं, चूक तिची नव्हती. चिठ्ठी माझी होती. हे मी अंगणात म्हटलं. तिथे आम्ही तिघं होतो आणि एक शेळी.

कडूबाने हातातल्या टोपीची घडी घातली. मग म्हणाला, "बाई, हे त्या दिवशी बोलाले पायजे होतं." आणखी म्हणाला, "मांगच्या टायमाले तुमच्या सांगन्यानं म्या सोयऱ्याईले देलेला शब्द मोडला. लोकायनं दोन वर्सं टोचलं मले. म्या काई बोललो नाई, बाईनं सांगलं होतं ना. आता दुसऱ्यांदा कसा मोडू? अन् मोडला तरी पुढं हे पोरगी कोनाच्या समोर उभी राहीन? समद्या तालुक्यानं तिचा आवाज वळखला."

मनालीने चहा आणला. माझ्यासमोर ठेवला, पाया पडली आणि आत गेली. दोन वर्षं दर सकाळी सहाला मी तिचा निरोप फोनवर ऐकत होते, शेत नसताना. आता त्या वेळेला जाग येते.

परत येताना टुनकीचा तो म्हातारा बसस्टँडवर भेटला. मला ओळखतो. म्हणाला, "पोरीचा फोन बंद हाये का बाई? म्या रोज लावून राह्यलो." मी म्हटलं, बंद आहे.

तुझ्या जागेची जाहिरात दिली होती. पगार दुप्पट लिहिला. एकही अर्ज आला नाही. शेखरने सगळ्यांना सांगितलं असेल अशी आधी शंका आली. मग वाटलं, सांगितलं असेल तर त्यात खोटं काय. मुंबईच्या संस्थेचं पत्र आलं आहे: तंत्रज्ञ नसल्याने तीस एप्रिलपासून खर्च बंद. पंजाबरावांनी खोल्या खताच्या दुकानाला द्यायचं ठरवलं आहे. यंदाच्या हंगामात निरोप जाणार नाही.

तू लिहिलंस की चुकीचं उत्तर दिलं. नाही. प्रश्न चुकीचा होता, आणि तो माझा होता. सोमवारी बाथरूममध्ये जावं लागलं तर मला लिही. मी कुणालाही बोलावणार नाही.

दि. ५ एप्रिल रोजी मोतीराम यांचे हस्ते मिळालेल्या वस्तूंची नोंद:

१. केंद्राच्या दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या, तीन.
२. संगणक, दोन. चालू.
३. शाळेच्या गच्चीवरील हवामान यंत्राच्या पेटीची किल्ली, एक. यंत्र अजून नोंदी घेत आहे.
४. पासवर्डांचा बंद लिफाफा, एक. उघडलेला नाही.
५. मनालीच्या आवाजातील निरोप, नऊशे बारा. एक लावून पाहिला. पुढचे लावले नाहीत.
६. शेतकऱ्यांच्या प्रश्नांची वही, मनालीच्या अक्षरातील. सत्त्याण्णव पाने भरलेली, बाकी कोरी. कुणाला द्यायची ते लिहिलेले नाही.
७. हजेरी पुस्तक, एक. लाल पेन, एक.
८. माझे २४ जूनचे पत्र, तीन अटी मान्य केल्याचे. जपून ठेवलेले.
९. पाळीच्या वहीतून सोडवलेली चिठ्ठी, एक. दि. २२ फेब्रुवारी. अक्षर माझे.

मिळाले.

सत्यभामा